बाबांच्या पेटीतली भोकांची पट्टी: कोणी वाचून देईल का?

पऱ्हाटी (सोमवार, रात्री ९:४२)

नमस्कार. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात गावचं घर आवरायला गेले होते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, लहानपणी तिला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. उघडली तर सोसायटीच्या पावत्या, पेरणीच्या तारखांच्या वह्या, एक पाना, आणि बिस्किटाच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली कागदाची अरुंद पट्टी. बोटाएवढी रुंद, वीतभराहून थोडी लांब, पिवळट, हाताला किंचित तेलकट लागणारी. तिच्यावर एक अक्षर नाही, नुसती गोल भोकं. मधून बारीक भोकांची एक सरळ रांग, तिच्या दोन्ही बाजूंना मोठी भोकं, कुठे आहेत कुठे नाहीत.

बाबा जिल्ह्याच्या तारघरात होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी यायचे, सोमवारी पहाटे परत. कामाविषयी विचारलं की "मशीनवर बसतो" एवढंच सांगायचे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यांच्यासोबत गेले होते. बाबा खुर्चीत चहा पीत होते आणि समोरचं यंत्र, बटणांना कोणाचा हात नसताना, आपोआप टाइप करत होतं. मी घाबरून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले होते. ते यंत्र कसं चालायचं, आणि ह्या पट्टीवर काय आहे, हे कोणी सांगू शकेल का?

वऱ्हाडी ठेचा (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, फेकू नका थे. आमच्या आबाजीच्या पेटीतले असेच कागद आम्ही होळीत टाकले, आता हात चोळत बसलो. इथं जाणकार लोकं हायेत, कोणीतरी वाचून देईनच.

शून्यएक (सोमवार, रात्री ११:०५)

ही टेलिप्रिंटरची पट्टी आहे. मधली बारीक भोकं पट्टी पुढे ओढणाऱ्या दातेरी चाकासाठी, त्यांना अर्थ नसतो. मोठ्या भोकांच्या पाच जागा असतात. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक अक्षर. पाच जागी भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर ३२ वेगवेगळ्या खुणा होतात. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ साली पाच खुणांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मोडेमच्या वेगाला आपण 'बॉड' म्हणायचो, ते त्यांच्याच नावावरून. पुढे न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास ती पद्धत टंकयंत्राच्या बटणांना जोडली आणि खुणा नव्यानं वाटल्या. तारघरांत शेवटपर्यंत चालली ती तीच, थोडे फेरफार होऊन.

एका कडेपासून जागांना १ ते ५ आकडे द्या आणि प्रत्येक ओळीत कोणत्या जागी भोक आहे ते इथे लिहा. तक्ता माझ्याकडे आहे.

पऱ्हाटी (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

भिंगातून मी वाचत गेले, लेकीनं लिहून घेतलं. एका टोकाला बराच भाग नुसती बारीक भोकं. मग २-४, १-३-५, २-४, १-३-५ असं चाळीस वेळा. त्यानंतर:

१-२-३-४-५ । १-३-४ । ४-५ । ३-४-५ । ३-५ । ३ । ४-५ । ४-५ । १-४ । ४-५ । ३ । १-२-३-४-५ (लागोपाठ तीनदा) । २-३-४-५ । ४-५ । १-२-४-५ । १-२-५ । २ । ४

आणि शेवटी पुन्हा पाचही भोकं, सात वेळा. पुढे कोरं.

शून्यएक (मंगळवार, रात्री ८:१०)

चाळीस वेळा आलेली जोडी आर आणि वाय. ही चाचणीची ओळ, लाइन नीट आहे का पाहायला पाठवत. पाचही भोकं म्हणजे 'पुढे अक्षरं येणार' अशी सूचना. त्यानंतर मात्र मला असं मिळतंय: एफ ओ एम एच, मोकळी जागा, ओ ओ डी ओ, मोकळी जागा, व्ही ओ, मग आकड्यांची सूचना आणि २.

शब्द म्हणून काहीच लागत नाही. व्यापारी पेढ्या पैसे वाचवायला आणि भाव झाकायला तारेत सांकेतिक शब्द वापरत. तसं काही असेल.

साक्षीदार (मंगळवार, रात्री ८:४०)

इथे जरा थांबावं असं वाटतं. कोणाची तरी खाजगी तार असेल तर ती आपण उघड्यावर का वाचतो आहोत? १८८५ च्या तार कायद्यात मजकूर फोडणं हा गुन्हा होता. पऱ्हाटीताईंचे बाबा आयुष्यभर ज्या गोष्टीविषयी घरात बोलले नाहीत, ती आपण चार दिवसांत चव्हाट्यावर मांडतोय.

पऱ्हाटी (मंगळवार, रात्री ९:०२)

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना आवडलं नसतं असं निघालं तर मी पट्टी तशीच डब्यात ठेवून देईन.

जुना तारबाबू (बुधवार, सकाळी ६:२०)

तेहतीस वर्षं तारखात्यात काढली, त्यातली बरीचशी विदर्भातच. मुलानं हा धागा उघडून दिला, म्हणून लिहितो.

आधी साक्षीदार यांचं. ते अगदी बरोबर बोलले. कोणाचा जावई आजारी, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाचं लग्न मोडलं, हे सगळं आमच्या हातून जायचं आणि ते आम्ही घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पण ताई, निश्चिंत राहा. ही पट्टी गिऱ्हाइकाच्या तारेची नाही. तारेच्या पट्टीला माथा असायचा: क्रमांक, कुठून निघाली ते ठाणं, शब्द किती, वेळ काय. मग पत्ता, मग मजकूर. इथे आर-वाय संपल्याबरोबर थेट बोलणं सुरू होतं.

आता वाचन. आर म्हणजे २-४, वाय म्हणजे १-३-५. एकाचं जिथे भोक तिथे दुसऱ्याचं कोरं. दोन्ही आलटून पालटून पाठवली की यंत्राची सगळी हाडं हलतात, कुठलं अडतं ते लगेच कळतं. पण ह्या जोडीची एक गंमत अशी की पट्टी कुठल्याही कडेकडून मोजा, आर तो आरच राहतो आणि वाय तो वायच. त्यामुळे ताईंनी कड उलटी धरली हे तिथे कोणाला कळलं नाही.

मला कळलं ते शेवटच्या २ आणि ४ वरून. शून्यएक यांच्या तक्त्याप्रमाणे आधी कागद एक ओळ वर सरकतो आणि मग गाडी, म्हणजे ओळ लिहीत सरकणारा भाग, डावीकडे परत येते. असं आमच्यातला कोणीही पाठवणार नाही. गाडीला परत यायला वेळ लागतो, म्हणून तिला आधी सोडायचं आणि ती येईपर्यंत कागद सरकवायचा. उलट केलंत तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर वाटेतच कुठेतरी उमटतं. हे पहिल्या आठवड्यात हातात बसतं, मग झोपेतही चुकत नाही.

ताई, बारीक भोकांच्या एका बाजूला मोठ्या भोकांच्या दोन जागा असतील आणि दुसऱ्या बाजूला तीन. दोनवाल्या कडेपासून १ मोजायला सुरुवात करायची. मी वाचून पाहिलं आहे. पण शून्यएक, तुम्हीच पुन्हा लावा. मेहनत तुमची आहे.

शून्यएक (बुधवार, सकाळी ७:४८)

काका, धन्यवाद. ऑफिसच्या बसमध्ये बसून लावलं.

२-३-५ पी. १-२ ए. १-२-३ यू. १-३ एस. मोकळी जागा. ए, ए, २-५ एल, ए. मोकळी जागा. मधली पाच भोकांची तीन अक्षरं सोडली. १-२-३-४ के. ए. मग १-२-४-५ म्हणजे आकड्यांची सूचना, आणि १-४-५. अक्षरांच्या खणात ते बी आहे, आकड्यांच्या खणात प्रश्नचिन्ह.

पाऊस आला का?

मी काल रात्रभर इंग्रजी शब्द शोधत होतो.

वऱ्हाडी ठेचा (बुधवार, सकाळी ८:०५)

अंगावर काटा आला राजेहो.

पऱ्हाटी (बुधवार, दुपारी १:३०)

सकाळी वाचलं, पण लगेच लिहायला बसता आलं नाही.

आमचं सात एकर कोरडवाहू. बाबांचा धूळपेरणीवर भरवसा होता. पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत सरकी टोबून मोकळं व्हायचं, म्हणजे पहिल्या पाण्याला सगळ्यांच्या आधी उगवतं. पण पाणी लांबलं की गेलं बियाणं, दुबार पेरणी आणि पुन्हा सोसायटीच्या दारात. धूळपेरणी झाली की बाबा जिल्ह्याला आणि जीव शेतात. गावात तेव्हा फोन नव्हता. आई सांगायची, मृगात ते घरी आले की चप्पल काढायच्या आधी अंगणातली माती पायानं उकरून पाहायचे.

तारबाबू काका, त्यांनी हे कोणाला विचारलं असेल? आणि हातानं टाइप करायचं सोडून पट्टी कशाला बनवली असेल? मला ते यंत्रही समजून घ्यायचं आहे. वेळ असेल तर सविस्तर लिहा.

जुना तारबाबू (बुधवार, रात्री ९:१५)

सविस्तरच लिहितो. एरवी हे कोणी विचारत नाही.

टेलिप्रिंटर म्हणजे वरून टाइपरायटर. फरक पोटात. बटणांखाली पाच आडव्या पट्ट्या असतात, खाचा पाडलेल्या. तुम्ही बटण दाबलं की त्या अक्षराच्या खाचांप्रमाणे काही पट्ट्या सरकतात, काही जागीच राहतात. त्याच क्षणी एक दांडा सुटतो, बरोबर एक फेरी मारतो आणि थांबतो. त्या फेरीत तो पाचही पट्ट्या एकामागून एक चाचपतो. सरकलेली असली की तारेत वीज एका दिशेनं, नसली की उलट दिशेनं. एका पट्टीला वेळ २० मिलिसेकंद. म्हणजे तारेतून अक्षर जात नाही, पाच ठोके जातात, आणि ते कोणत्या वेळी पडले ह्यातच सगळा अर्थ.

पण घेणाऱ्याला कसं कळावं की पहिला ठोका कुठला? त्यासाठी पाचांच्या आधी एक सुरुवातीचा ठोका, तोही २० मिलिसेकंदांचा, आणि शेवटी ३० मिलिसेकंदांचा थांबा. सगळे मिळून १५० मिलिसेकंद. सेकंदाला साडेसहापेक्षा किंचित जास्त अक्षरं, मिनिटाला चारशे.

आता समोरच्या गावचं यंत्र. तिथली मोटर फिरतच असते, पण दांडा अडकवून ठेवलेला. सुरुवातीचा ठोका आला की विद्युतचुंबकाची जीभ हलते, अडकण सुटते, दांडा फेरीला निघतो. ह्या फेरीत तो पाच वेळा जिभेकडे पाहतो, ती डावीकडे आहे की उजवीकडे. प्रत्येक ठोक्याच्या बरोबर मध्यावर पाहतो, कारण कडेला पाहिलं तर फसगत होते. पाहिलं तसं पाच दांड्या बसत जातात. पाचही बसल्या की सगळ्या टंकांमधून एकाच टंकाला खाच मोकळी मिळते, तोच पडतो आणि कागदावर अक्षर उमटतं. दांडा परत अडकतो. पुढच्या अक्षराला पुन्हा नव्यानं सुरुवात. त्यामुळे दोन गावांतल्या मोटरी अगदी एका वेगानं फिरल्याच पाहिजेत असं नाही. जो थोडा फरक पडेल तो दर अक्षरागणिक पुसला जातो.

थोडाच, मात्र. फरक फार झाला की पाचव्या ठोक्यापर्यंत चूक साचते आणि टी च्या जागी भलतंच उमटतं. म्हणून आमच्याकडे वेग तपासायचा चिमटा असायचा, गवयाच्या सुराच्या चिमट्यासारखा, दोन्ही टोकांना फटीच्या पातळ चकत्या लावलेला. तो गुडघ्यावर आपटायचा आणि कंप पावणाऱ्या फटीतून मोटरच्या गव्हर्नरवरचे, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागावरचे, काळे-पांढरे पट्टे पाहायचे. पट्टे स्थिर दिसले तर वेग बरोबर. पुढे सरकताना दिसले तर जलद, मागे सरकताना दिसले तर मंद. ताई, तुमच्या बाबांच्या पेटीतला पाना कदाचित शेतीचा नसेलही.

तुम्ही लहानपणी पाहिलंत ते आपोआप टाइप होणं म्हणजे हे. दुसऱ्या गावचा माणूस तिथे बटण दाबत होता आणि त्याचं अक्षर तुमच्या डोळ्यांसमोर पडत होतं. आणि कधी कधी पलीकडे माणूस नसला तरी तिथलं यंत्र बोलायचं. आकड्यांच्या खणात डी दाबला की 'तू कोण' हा प्रश्न जातो. समोरच्या यंत्रात दाते कापलेलं एक लहान पिंप असतं, ते एक फेरी घेऊन आपल्या ठाण्याचं नाव परत पाठवतं. रात्री दोन वाजता नाव परत आलं की समजायचं, लाइन शाबूत आहे आणि पलीकडचं यंत्र जागं आहे.

यंत्रं मद्रासहून यायची, हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सची. १९६० मध्ये इटलीच्या ऑलिव्हेटीच्या सहकार्यानं तो कारखाना निघाला. आणि एका जोडीला एक तार लागायची असं समजू नका. एकाच टेलिफोनच्या वाहिनीत २४ टेलिप्रिंटर बसायचे, प्रत्येकाला वेगळा सूर. कान लावला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमायचं.

आता पट्टी. माणसाचा हात अडखळतो आणि लाइन तोवर रिकामी पडून राहते. म्हणून आधी निवांत बसून पट्टीवर भोकं पाडायची आणि मग ती पट्टी वाचणाऱ्या यंत्राच्या खाचेत ठेवायची. पाच बारीक सुया खालून वर येतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते. लाइन पूर्ण वेगानं भरून जाते. पट्टीला तेल पाजलेलं असतं, भोकं पाडणाऱ्या खिळ्यांची धार टिकावी म्हणून. तुमच्या हाताला इतक्या वर्षांनी लागलं ते तेच.

आणि मधली पाच-पाच भोकांची तीन अक्षरं. पडलेलं भोक बुजवता येत नाही. चुकीचं अक्षर पडलं तर पट्टी मागे घ्यायची आणि त्याच्यावर पाचही भोकं पाडायची. पाच भोकं म्हणजे 'अक्षरांच्या खणात जा'. आपण आधीच त्या खणात असतो, त्यामुळे कागदावर काही उमटत नाही. चूक झाकली जाते. मरे साहेबांनी ही जागा मुद्दाम अशी राखली.

शून्यएक (बुधवार, रात्री १०:०२)

म्हणजे 'पाऊस आला' आणि 'का' ह्यांच्या मध्ये तीन अक्षरं खोडलेली आहेत. त्यांच्याखाली काय होतं ते कळायला काही मार्ग?

जुना तारबाबू (बुधवार, रात्री १०:२०)

नाही. पाचही जागी भोक पडलं की आधीचं त्यातच गेलं.

शकुंतला पॅसेंजर (गुरुवार, सकाळी ९:१०)

काका, हे दोन खणांचं प्रकरण नीट समजलं नाही. बी आणि प्रश्नचिन्ह एकच कसे?

जुना तारबाबू (गुरुवार, सकाळी १०:३०)

३२ खुणांत इंग्रजी २६ अक्षरं बसली की आकड्यांना जागा उरत नाही. म्हणून प्रत्येक खुणेला दोन अर्थ. 'आकडे' ही सूचना गेली की पुढची प्रत्येक खूण आकड्यांच्या खणातून वाचायची, 'अक्षरं' ही सूचना येईपर्यंत. बटणांच्या वरच्या रांगेत क्यू म्हणजे १, डब्ल्यू २, असं ओळीनं पी म्हणजे ०. म्हणून कड उलटी धरल्यावर शून्यएक यांना शेवटी २ मिळाला.

ह्या दोन खणांनी एकदा फार मनस्ताप दिला. पावसाळ्याचे दिवस, विजा कडकडत होत्या. अकोल्याच्या बाजारातून एका आडत्याला तार आली, तुरीचा भाव ५९०. विजेच्या एका ठोक्यानं नेमकी 'आकडे' ही सूचनाच मारली. मग ५ चा टी झाला, ९ चा ओ, शून्याचा पी. कागदावर उमटलं, भाव 'टॉप'. दुसरं काही उमटलं असतं तर चूक लगेच दिसली असती, पण हा शब्द अर्थाचा होता. मी तसाच उमटलेला मजकूर चिकटवून फॉर्म दिला. खालच्या ओळीत आकडे पुन्हा पाठवायची रीत असायची, तिथे ५९० बरोबर आलेले होते. ते मी पाहिले नाहीत. आडत्यानं माल रोखला, दोन दिवसांनी भाव उतरले. तो भांडायला आला नाही, मुनीमजींना पाठवून फक्त विचारलं की खालची ओळ कशासाठी असते. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी आधी खालची ओळ वाचली.

खामगावकर (गुरुवार, दुपारी ३:४०)

तार आणि भाव ही आमच्या वऱ्हाडातली जुनी जोडी. १८७० मध्ये लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे शाखा उघडायला आले, आणि त्याच वर्षी मुंबईहून समुद्राखालची तार सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव त्याच दिवशी कळायला लागला. वऱ्हाडातल्या कापसाची किंमत वऱ्हाडाबाहेर ठरायची पद्धत तिथून घट्ट झाली असं माझं मत आहे.

दुसरं, पत्त्यांचं. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांची टपाल शेगावला जायची, कारण ते रेल्वेवरचं मोठं गाव. शेवटी १९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम करावं लागलं. रोमन अक्षरांत एका अक्षराचा फरक केवढा पडतो पाहा.

वऱ्हाडी ठेचा (गुरुवार, रात्री ८:५०)

हे सारं जिल्ह्यापर्यंत. आमच्या गावापर्यंत मशीन कुठी यायची! सांगतो.

माह्या काकाले नागपूरले दवाखान्यात भरती केलं होतं. तार सकाळी नवाले लागली. नागपूर ते जिल्हा, तारबाबू काका म्हणतात तसं, मिनिटभराचं काम. जिल्ह्याहून तालुक्याले मोर्सवर, म्हंजे टिंब-रेघेच्या ठोक्यांवर. तालुक्याहून आमच्या शेजारच्या गावच्या पोस्टात फोनवर, एकेक अक्षर ओरडून, कारण लाइनीत खरखर. तिथल्या मास्तरनं शिसपेन्सिलीनं फॉर्मवर लिवलं. तिथून आमचं गाव दोन कोस, मधात नाला, अन् नाल्याले पूर. तारवाला पलीकडच्या काठावर सायकल टेकवून संध्याकाळपर्यंत उभा होता. वरडून सांगू शकत होता, पण त्यानं सांगतलं नाही. पूर उतरल्यावर कमरेइतक्या पाण्यातून आला, फॉर्म टोपीत ठेवलेला. आबाजीच्या हातात दिला, सही घेतली, मंग वाचून दाखवलं. फॉर्मवर दोन्ही वेळा लिवलेल्या होत्या, लागल्याची अन् पोचल्याची. आबाजी थे दोन आकडे मरेपर्यंत सांगत होते.

साक्षीदार (गुरुवार, रात्री ९:१२)

तो काठावरून ओरडला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शकुंतला पॅसेंजर (गुरुवार, रात्री ९:४०)

आमच्या घरी लग्नाच्या आलेल्या तारा अजून आहेत. त्यातला मजकूर सगळ्यांचा एकच कसा, हे मला आता समजलं. शुभेच्छांना क्रमांक असायचे, दिवाळीला १, लग्नाला ८. पाठवणारा फक्त ८ पाठवायचा आणि इकडचा माणूस पूर्ण वाक्य लिहून द्यायचा.

पऱ्हाटी (शुक्रवार, संध्याकाळी ६:५५)

सगळं दोनदा वाचलं. काका, एक राहिलं. पट्टी कशाला बनवली असेल? एवढा छोटा प्रश्न, लाइनही रिकामी असणार.

जुना तारबाबू (शुक्रवार, रात्री ८:३०)

माझ्या मनात एक आहे, पण आधी तुम्ही पाहून सांगा. भिंग घ्या आणि मधली बारीक भोकं तपासा. नवीन पट्टीची भोकं गोल असतात. दातेरी चाकावरून वारंवार गेली की ती लांबट होतात, कडा पिंजारतात.

पऱ्हाटी (शुक्रवार, रात्री ९:२५)

लांबट आहेत. सुरुवातीची काही तर फाटून एकमेकांना लागली आहेत. मोठी भोकं मात्र नीट गोल आहेत. एका ठिकाणी मागून डिंकानं पातळ कागदाचा तुकडा लावून जोडलेलं आहे, आणि त्या तुकड्यातून भोकं पुन्हा पाडलेली आहेत.

जुना तारबाबू (शुक्रवार, रात्री ९:५०)

मग तसंच आहे. ही पट्टी एका रात्रीची नाही. रात्रपाळीत वाहतूक संपली की लाइनची चाचणी करायचीच असायची, त्यासाठी आर-वाय पाठवायचे. त्यालाच जोडून त्यांनी आपला प्रश्न पाडून ठेवला. रोज पट्टी खाचेत ठेवायची, आर-वाय जाणार आणि मागोमाग प्रश्न. पलीकडे कोणीतरी ओळखीचा रात्रपाळीला असणार, तुमच्या गावच्या बाजूच्या ठाण्यावर. तो तिकडून बटणांवर उत्तर द्यायचा आणि ते तुमच्या बाबांच्या कागदावर उमटायचं. आम्ही सगळेच असं दोन शब्द बोलायचो. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाचा बैल. तुमच्या बाबांचा प्रश्न ठरलेला होता, म्हणून त्याची पट्टी झाली.

किती पावसाळे चालली ते मी सांगू शकणार नाही. पण डिंक लावून जोडली म्हणजे एकापेक्षा जास्त.

पऱ्हाटी (शुक्रवार, रात्री १०:४०)

पेटीतल्या पेरणीच्या वह्या पुन्हा काढल्या. प्रत्येक वर्षाच्या पानावर धूळपेरणीची तारीख आहे, आणि पहिल्या पावसाची तारीख आणि वेळ. वेळ. रात्री १:१०, पहाटे ३:३५ अशा. आम्ही समजायचो आई सांगत असेल. पण आईला घड्याळ कळत नव्हतं.

शून्यएक (शुक्रवार, रात्री ११:०२)

ताई, पट्टी प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करू नका, तेलकट कागद आहे, डागळेल. रबर लावू नका. सपाट करून ओळीनं फोटो काढून ठेवा, मूळ पट्टी सैल गुंडाळून डब्यातच राहू द्या. तुम्ही फोटो दिलेत तर मी तिच्या खुणांवरून आर-वायपासून शेवटपर्यंत ५० बॉडच्या वेगानं आवाज तयार करून देतो. साधारण सोळा सेकंदांचा होईल.

पऱ्हाटी (शुक्रवार, रात्री ११:१०)

द्या. आईला ऐकवते.

खामगावकर (शनिवार, सकाळी ६:३०)

काल रात्री साडेअकराला सुरू झाला इकडे. अर्धा तास चांगला झोडपला.

शकुंतला पॅसेंजर (शनिवार, सकाळी ६:५२)

मुर्तिजापूरला नुसता शिडकावा. ढग आहेत.

वऱ्हाडी ठेचा (शनिवार, सकाळी ७:१५)

आमच्याइकडे नाही अजून. मृग कोरडाच चालला. धूळपेरणी करून बसलो हाओत.